कोरा खळगा

१

खंडेनवमीला लोक शस्त्रांची पूजा करतात, आमच्याकडे मशिनांची होते. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या आमच्या लहानशा कंपनीत त्या दिवशी सेंट्रिफ्यूजला झेंडूचा हार पडतो, पिपेटना हळदकुंकू लागतं, फ्रीजरच्या दारावर स्वस्तिक निघतं. मग आमचे मालक रमाकांत सर बाही वर करून सगळ्यात आधी खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "चालो, घ्या." प्रत्येकाचं एकेक नळी रक्त निघतं. त्यानंतर पेढे.

हा विचित्र रिवाज सरांनीच पाडला. आम्ही संशोधनाच्या प्रयोगशाळांना लागणारे पेप्टाइड बनवतो, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, आणि ते तुकडे ओळखणाऱ्या अँटिबॉडी. माल पाठवण्याआधी तपासताना एक नमुना असा लागतो, की ज्यात काहीच सापडायला नको. निरोगी, साध्या, कुठल्या भानगडीत नसलेल्या माणसांचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरतं ते पिवळसर पाणी. ते बाहेरून मागवलं की वाट बघत बसावं लागतं. सर म्हणाले, आपण काय कमी साधे आहोत? तेव्हापासून आमचं सगळ्यांचं सीरम नाव आणि वर्ष घालून गोठवलेलं असतं. त्यातलं थोडं थोडं एकत्र करून आमचा 'काहीच नाही'चा नमुना तयार होतो. मी देवश्री, तपासणीचं काम माझ्याकडे. कुणी विचारलं तर मी ऐटीत सांगायची, की मी कंपनीतली अधिकृत 'काहीच नाही' आहे.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं एक पेप्टाइड मागवला आणि त्याच्यासोबत, नेहमीप्रमाणे, त्याचा पिसलेला जोडीदार. म्हणजे असं, की पेप्टाइड ही मण्यांची सर. तेच मणी घ्यायचे, कॉम्प्युटरकडून त्यांचा क्रम वाटेल तसा पिसून घ्यायचा आणि नवी सर ओवायची. ही दुसरी सर कुठल्याही प्राण्यात नसते, झाडात नसते, जंतूत नसते. तिला जगात कुणी ओळखायचं नसतं, म्हणून तर ती बनवायची. जगातल्या माहीत असलेल्या सगळ्या प्रथिनांशी ती ताडून बघतात. ही कशाशीच जुळत नव्हती.

तपासणीच्या प्लेटमध्ये छोटे छोटे खळगे असतात. तळाशी पेप्टाइड चिकटवायचा, वर सीरम घालायचं. सीरममधल्या अँटिबॉडीनं पेप्टाइड ओळखला तर शेवटी घातलेलं पाणी निळं होतं, नाही तर कोरं राहतं. त्या दुपारी सगळं बरोबर झालं. फक्त पिसलेल्या पेप्टाइडवर आमचा 'काहीच नाही'चा नमुना घातला होता, तो खळगा निळा झाला.

२

"तू धुतलं नाहीस नीट," मी योगिनीला म्हटलं. योगिनी माझ्या हाताखाली काम करते. मुलगी हुशार आहे, पण कानात सतत गाणी.

"धुतलं ने, देवश्रीबेन! तुमच्यासमोर धुतलं."

मी स्वतः पुन्हा केलं. पुन्हा निळा. नवी बाटली, नवी प्लेट, नवं पाणी, तरी निळा. माझा स्वभाव असा, की एखादी गोष्ट चुकली तर ती चुकलीच असली पाहिजे आणि ती कुणाची तरी चूक असली पाहिजे. तेव्हा मी सगळ्यांचं सीरम वेगवेगळं काढलं आणि प्रत्येकाला एकेक खळगा दिला. सर कोरे, योगिनी कोरी, अकाउंटवाले प्रतापसिंह कोरे. निळी एकटी मीच.

योगिनी खदखदून हसली. "लो! चोर घरातलाच निघाला."

मीही हसले. हसण्यासारखंच होतं. सरांना दाखवलं तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि प्लेट खिडकीशी धरली. "कधी कधी एखाद्याचं रक्त उगीच चिकटतं. तुमचं नाव नमुन्यातून काढा, म्हणजे झालं," ते म्हणाले. मग जाता जाता वळून, मजेत, "काय देवश्रीबेन, कुठं भेटला होतात याला?"

गंमत अशी, की नेमका तोच प्रश्न होता. रक्त उगीच चिकटतं तेव्हा ते सगळ्यालाच थोडं थोडं चिकटतं. माझं बाकी कशालाच चिकटत नव्हतं. अँटिबॉडी हवेतून येत नाही. शरीराला ती वस्तू आधी भेटावी लागते.

३

त्या फ्रीजरमध्ये माझी मागची सगळी वर्षं उभी होती. मी ती काढून वितळवली.

सुरुवातीच्या नळ्या कोऱ्या निघाल्या. लग्नानंतरच्याही कोऱ्या. पहिला फिकट निळा उठला तो मोहना पोटात होती त्या नवमीचा. त्या वर्षी माझं सीरम नमुन्यात घेतलं नव्हतं, पण पेढे खायचे तर रक्त द्यायचं म्हणून मी हट्टानं नळी दिली होती. तिथून पुढे दर वर्षी निळा गडद होत गेला.

"बघा, बाळंतपण," सर सुटकेनं म्हणाले. "त्यात बाईचं शरीर काहीबाही बनवून ठेवतं."

मला ते मनापासून पटवून घ्यायचं होतं. पण बाळंतपणात बनलेलं पुढे हळूहळू ओसरतं. दर वर्षी चढत जाण्याचा अर्थ एकच असतो, ती वस्तू अजून भेटते आहे. रोज भेटते आहे. आणि त्या वर्षी माझ्या आयुष्यात आणखी एकच गोष्ट बदलली होती. माझा नवरा उन्मेष प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये इंजिनियर आहे. त्याला क्वार्टर मिळालं आणि पोटात मोहना घेऊन मी तिथं राहायला आले.

क्वार्टर छान आहे. उंच छत, जाड भिंती, मागे कडुनिंब, यार्डातून शंटिंगचे आवाज. बडोद्याच्या उन्हाळ्यातसुद्धा दुपारी गार राहतं. मी त्या दिवशी घरी आले तेव्हा मोहना तिच्या खोलीत पलंगावर पालथी पडून चित्र रंगवत होती. ती आता मोठ्या बालवाडीत आहे. मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत राहिले आणि मला सरळ सरळ भीती वाटली. माझं काय व्हायचं ते होवो. पण जे मला भेटत होतं ते तिलाही भेटत असणार, आणि ती इवलीशी आहे.

४

उन्मेषला सांगितलं, तर तो म्हणाला, "घरात ढेकूण पण नाहीत आपल्या. तू एक पेप्टाइड पकडून आणलास."

मग मी आमच्या धंद्यातलं रोजचं काम केलं. तो पिसलेला पेप्टाइड एका नळीत बांधून टाकला आणि त्यावरून माझं सीरम सोडलं. त्याला ओळखणाऱ्या अँटिबॉडी तेवढ्या अडकल्या, बाकी सगळं वाहून गेलं. अडकलेल्या सोडवून घेतल्या आणि त्यांना निळा रंग आणणारं एन्झाइम जोडलं. आता ती वस्तू घरात कुठं असेल तर ती मला दिसणार होती.

रविवारी उन्मेष मोहनाला कमाटीबागेत घेऊन गेला. मी घर पुसत सुटले. ओल्या कापसाच्या काड्यांनी ओटा, नळ, दारांच्या कड्या, आमच्या उशा, देव्हारा, मोहनाची खेळणी, तिचा टॉवेल, खिडकीचे गज, भिंती. आमच्या मोलकरणीनं बघितलं असतं तर कौतुकानं कपाळाला हात लावला असता.

सोमवारी प्लेट लावली. स्वयंपाकघर कोरं. आमची खोली कोरी. खेळणी, टॉवेल, सगळं कोरं. एकच खळगा शाईसारखा निळा झाला. मोहनाच्या पलंगालगतची भिंत.

ओल असेल, मी म्हटलं. बुरशी असेल, पाल असेल, आमच्याआधी राहणाऱ्यांनी काही लावलं असेल. पण भिंत कोरडी होती आणि दिवाळीत नवा रंग दिला होता. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईंना काहीतरी थाप मारून त्यांची तीच भिंत पुसून आणली. कोरी निघाली. माझ्या सगळ्या शंका एकेक करून संपल्या, आणि शंका संपल्यावर इतकं असहाय वाटतं हे मला माहीत नव्हतं.

५

प्लेटमध्ये खळगे आठ आडव्या ओळींत आणि बारा उभ्या ओळींत असतात. त्यावरून ते सुचलं. मोहना शाळेत असताना मी अर्धी सुट्टी टाकून घरी आले, तिचा पलंग ओढून बाजूला केला आणि भिंतीवर खडूनं तशीच चौकट आखली. आठ आडव्या, बारा उभ्या, वीत वीत अंतरावर. प्रत्येक चौकोनाला एक काडी. म्हणजे प्लेटमधला एक खळगा म्हणजे भिंतीचा एक चौकोन.

लख्ख दुपार होती. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, सुरूच होईना. वरचे चौकोन पुसून झाल्यावर मी खालच्यांसाठी जमिनीवर बसले आणि माझ्या लक्षात आलं, की इथं पंख्याचं वारं लागत नाही. पंखा पूर्ण वेगात होता. मी थोडी उजवीकडे सरकले, वारं आलं. डावीकडे सरकले, आलं. पुन्हा मधे आले, की थांबलं. पंख्याच्या आणि आपल्या मधे कुणी उभं राहिलं की होतं तसं. मधे काहीच नव्हतं. कपाट दुसऱ्या भिंतीला आहे. मी उरलेल्या काड्या भराभर फिरवल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीत निळं पाणी घातलं आणि प्लेट टेबलावर ठेवून बसले. नेहमी रंग हळूहळू उठतो, सगळीकडे एकदम. या वेळी तो खालून उठला. तळाच्या ओळीत रुंद, शेजारी शेजारी चार खळगे. त्यावरच्या ओळीत तीन. मग दोन. मग पुन्हा तीन, रुंद होत. पाठीसारखं. भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून कुणी बसावं तसं. त्याच्या वर एकच खळगा, पण सरळ वर नाही. एका बाजूला, कललेला. पलंगाच्या बाजूला.

"अरे, चित्र आलं ने," मागून योगिनी म्हणाली, आणि तिनं कानातलं गाणं काढलं.

मग खांद्याच्या ओळीतून आणखी एक खळगा निळा झाला. त्याच्या पलीकडचा झाला. त्याच्या पलीकडचा. एक आडवी रेघ, सावकाश, एकेक खळगा करत कडेपर्यंत गेली. तो हात होता असं मी म्हणणार नाही. हात असता तर एवढा लांब नसता. ती रेघ जिथं संपली तिथं घरी मोहनाची उशी असते.

योगिनीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी खळग्यांत आम्ल घातलं, म्हणजे रंग थांबतो. निळ्याचा पिवळा झाला आणि ते होतं तिथंच बसून राहिलं.

६

प्लेटचा फोटो दाखवल्यावर उन्मेषची थट्टा बंद झाली. त्यानं फोन आडवा केला, उभा केला, दूर धरला. मग मोहनाची गादी आमच्या खोलीत आणून टाकली आणि कारेलीबागेत राहणाऱ्या त्याच्या भावाला फोन लावला. त्यांचा वरचा मजला रिकामाच होता.

"क्वार्टरचं नंतर बघू," तो म्हणाला. "आधी पोरीचं रक्त बघ तू."

तेच मला सुचत नव्हतं असं नाही. बघायचंच नव्हतं. शेवटी तिला डॉक्टरांकडे नेलं, हिमोग्लोबिन बघायचंय म्हटलं. सुई टोचताना ती रडली नाही, उलट मलाच म्हणाली, "आई, तू तिकडे बघ, तुला भीती वाटते." उन्मेषचंही घेतलं.

दिवसभर मी देवाचं नाव घेत होते. देव मानते की नाही हे मला नक्की माहीत नाही, पण घेत होते. बाहेर शेडच्या पत्र्यावर कावळे चालत होते, त्यांच्या नखांचा आवाज येत होता. योगिनी माझ्या शेजारून हलली नाही. एक खळगा माझा, एक उन्मेषचा, एक मोहनाचा. माझा लगेच गडद निळा झाला. उन्मेषचा मागोमाग, माझ्याहून थोडा फिका. तोही त्याच छपराखाली राहिला होता ने. मग आम्ही तिसऱ्याकडे बघत बसलो.

तो कोरा राहिला. वेळ संपली तरी कोरा. मी घड्याळाकडे न बघता आणखी थांबले. स्वच्छ पाण्यासारखा कोरा. तिचं सीरमच बिघडलं नसेल ना, म्हणून मी शेजारी धनुर्वाताच्या लशीचाही खळगा लावला होता. लहानपणी टोचलेली लस तिच्या रक्तानं बरोबर ओळखली होती, तो खळगा झकास निळा होता. तिचं रक्त उत्तम होतं. फक्त त्या वस्तूशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. योगिनी पण रडली आणि मग धावत जाऊन जलेबी-फाफडा घेऊन आली. सरांनी स्वतः चहा केला. मी उन्मेषला फोन केला तेव्हा वर्कशॉपच्या गोंगाटात त्याला तीनदा सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा मी ओरडूनच सांगितलं, "कोरी आहे! आपली मोहना कोरी आहे!"

७

रविवारी सकाळी टेम्पो सामान घेऊन पुढे गेला. घर रिकामं झालं, की आवाज बदलतो. आमच्याच चपला परक्या वाजत होत्या. उन्मेष खुशीत होता, दोरी गुंडाळत शीळ घालत होता.

"म्हणजे शिवलं पण नाही त्यानं तिला," तो म्हणाला. "एवढं शेजारी बसून. नशीब बघ ने."

मी हो म्हटलं. मोहनाच्या खोलीतल्या भिंतीवर खडूच्या रेघा तशाच होत्या. मी फडकं घेऊन त्या पुसायला गेले, आणि त्यानं म्हटलेलं वाक्य माझ्या डोक्यात उभं राहिलं. एवढं शेजारी बसून. लांबच्या खोलीत झोपणारा उन्मेष निळा झाला होता. मी निळी झाले होते. आणि जिच्या उशीपर्यंत ती रेघ पोचत होती ती कोरी.

नव्या मुलांना मी दर वर्षी पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवते. रक्त कोरं राहण्याची कारणं दोन असतात. एक, ती वस्तू त्याला कधी भेटलीच नाही. दुसरं, ती त्याला फार आधीपासून भेटते आहे. आईच्या पोटात असताना, आपलं काय आणि परकं काय हे अजून ठरायचं असतं, तेव्हा जे जवळ असतं त्याला शरीर आपलंच धरून चालतं. मग जन्मभर त्याच्यावर हात उगारत नाही. मी पोटात मोहना घेऊन या घरात आले होते, आणि याच भिंतीला पाठ लावून दुपारची झोपायचे. मी फडकं तिथंच टाकलं आणि बाहेर आले.

उन्मेषनं गाडी सुरू केली होती. पुढच्या सीटवर देव्हारा होता, दुलईत गुंडाळलेला. मोहना मागे चढली. मला वाटलं होतं, घर सोडताना ती रडेल, हट्ट करेल. ती अगदी शांत होती. नेहमी दाराशीच बसते, पण आज पार पलीकडच्या खिडकीपाशी सरकली. मी आत बसायला वाकले तर तिनं हात पुढे केला.

"आई, थांब ना जरा."

"काय राहिलं?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मागे, उघड्या दाराकडे, पायऱ्यांकडे बघत होती. आपल्या सावकाश चालणाऱ्या माणसासाठी आपण थांबतो, तसा तिचा चेहरा होता. लाडाचा, थोडा कंटाळलेला. मी वळून बघायला हवं होतं. मी तिच्याकडेच बघत राहिले. दाराचं हँडल हातात धरून मी उभी होते, आणि मला समजत होतं की मी ते उघडं धरते आहे. आपटून बंद करावं, पोरीला ओढून बाहेर काढावं, सगळं डोक्यात येत होतं. पण तिला कुणापासून ओढून काढायचं होतं? तिच्या घरच्यापासून?

माझ्या उजव्या बाजूचं वारं थांबलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुटलं.

"हं," मोहना म्हणाली. "आता बस, आई."

"बसले ने सगळे?" उन्मेषनं आरशात बघत विचारलं.

"हो, बाबा," ती म्हणाली.

मी आत बसले, दाराला चिकटून, आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. आमच्या दोघींच्या मधे सीटवर जागा होती. कारेलीबाग येईपर्यंत मी तिथं हात ठेवला नाही.